आधी चाकाचे पोट पाहा, मग पाना हाती घ्या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावावर बोलणार नाही, कर्जावर बोलणार नाही. गाडीच्या मागच्या ॲक्सलवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतले काही जण हसले. हसा. शेतकीची पदवी घेतलेल्या माणसाने पऱ्हाटीवरचा मावा-तुडतुडा सोडून जीपच्या पोटात हात का घालावा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सरळ आहे. अमरावती-अकोल्याच्या गावांतून हिंडताना एक देखावा आम्ही फार वेळा पाहतो. कापूस वेचून घरात आला आहे, बाजारात दोन दिवस दर बरा आहे, आणि गाडी बाभळीखाली उभी. इंजिन चालते, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही. मिस्त्री तालुक्याला. तो आज म्हणतो उद्या येतो, उद्या म्हणतो परवा.

उत्पादन खर्चाचे तक्ते आम्ही पुष्कळ पाहिले. घसारा आणि दुरुस्ती यांना त्यात जागा असते. पण गाडी पडली म्हणून हुकलेला बाजार आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात न पोचलेले बाळंतपण यांना त्या तक्त्यात रकाना नाही. म्हणून ॲक्सल शाफ्ट घरच्या घरी काढता येतो का, हा प्रश्न आमच्या मते शेतीचाच आहे. काढता येतो. पण दरवेळी नाही, आणि प्रत्येक गाडीचा एका रीतीने नाही. ही रीत चुकली तर नुसता शाफ्ट जात नाही, माणूस जातो.

मागच्या दोन चाकांच्या मधे खाली जो भोपळ्यासारखा गोळा लोंबतो, त्यात डिफरन्शियल असतो. त्या गोळ्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी जाड नळी चाकापर्यंत जाते. नळीच्या पोटात पोलादी दांडा फिरतो, तो ॲक्सल शाफ्ट. एका बाजूपुरताच असतो म्हणून मिस्त्री त्याला हाफ शाफ्टही म्हणतात. इंजिनाचा जोर चाकाला मिळतो तो या दांड्यातून. आता प्रश्न असा की गाडीचा भार कोण घेतो? नळी घेते, की दांडा घेतो? सगळी मेख इथे आहे.

आपली बंडी आठवा. बंडीचा कणा फिरत नाही. कणा जागच्या जागी, भार त्याच्यावर, आणि चाकाचा तुंबा त्याच्याभोवती फिरतो. कण्याच्या टोकाला खीळ, म्हणून चाक निसटत नाही. आता मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे धावायची ती आपली शकुंतला आठवा. तिच्या डब्याची चाके आसावर घट्ट ठोकून बसवलेली. चाक फिरले की आसही फिरतो, आणि डब्याचा भार त्या फिरत्या आसावरच.

मोटारगाड्यांतही याच दोन तऱ्हा आहेत. पहिलीत चाकाचा हब दोन बेअरिंगांवर नळीच्या टोकावर बसतो, बंडीच्या तुंब्यासारखा. भार नळीचा, शाफ्टचे काम फक्त फिरवण्याचे. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. शाफ्ट ओढून काढला तरी चाक आपल्या जागी उभे राहते. ट्रकच्या मागच्या ॲक्सलची रचना साधारण अशी असते. दुसऱ्या तऱ्हेत चाक शाफ्टच्याच टोकाला बांधलेले असते. शाफ्ट फिरवतोही आणि भारही वाहतो. हा सेमी फ्लोटिंग. यात शाफ्ट बाहेर ओढला की चाक त्याच्यासकट बाहेर येणार, आणि खाली टेकण नसेल तर गाडी आपल्या अंगावर.

ओळखायचे कसे? चाकाच्या मधोमध पाहा. चाकाच्या नटांचे कडे सोडून आत पोटाशी आणखी एक गोल चकती बाहेर आलेली दिसली आणि तिच्या कडेने सहा-आठ बोल्टांचे दुसरे कडे दिसले, तर तो फुल फ्लोटिंग. ती चकती म्हणजे शाफ्टचेच डोके. चाकाच्या नटांखेरीज काहीच नसेल, किंवा मध्ये टोपण आणि टोपणाखाली दुपिनेने अडवलेला एकच मोठा नट असेल, तर तो सेमी फ्लोटिंग समजा. गाडीचे नाव सांगून हे कळत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या साली वेगवेगळे ॲक्सल आले आहेत. शेजारच्याने त्याचा कसा काढला हे ऐकून आपला काढायला जाऊ नका. आपल्या चाकाचे पोट आपण पाहा.

जाता जाता जीपची गोष्ट सांगून टाकतो. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्या त्या घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धात विलीजने लष्करासाठी जी जीप बनवली तिचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग होता. शिपायाने रस्त्याच्या कडेला सहा बोल्ट सोडावेत, शाफ्ट बदलावा आणि पुढे जावे. युद्ध संपल्यावर त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी म्हणून मुलकी जीप काढली. तिच्या पहिल्या काही हजार गाड्यांत तोच ॲक्सल राहिला आणि मग सेमी फ्लोटिंग आला. त्याला भाग कमी लागतात, पैसा कमी लागतो. यात कुणी कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण वावरातल्या गाडीलाही रस्त्याच्या कडेलाच मोडायची सवय असते, एवढे त्या कारखान्यातल्या मंडळींना कुणीतरी सांगायला हवे होते.

आता जी गोष्ट सांगतो ती वहीत लिहून घ्या. बाकीचे विसरले तरी चालेल.

गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे ती जागची हलणार नाही, हा आपला समज. शाफ्ट मोडला असेल किंवा काढला असेल तर हा समज खोटा ठरतो. डिफरन्शियलचा स्वभावच असा की ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला तो सगळे फिरणे सोडून देतो. म्हणूनच तर एका बाजूचा शाफ्ट तुटला की दुसरे धड चाकसुद्धा ओढत नाही. तसेच उलटेही होते. मोडकी बाजू आत मोकळी फिरते आणि धड चाक खुशाल घरंगळते. गिअर त्याला धरू शकत नाही. एक मागचे चाक जॅकवर उचलले तरी हेच. शाफ्ट दोन्ही धड असले तरी वरचे चाक उलटे फिरते, खालचे पुढे सरकते आणि जॅक आडवा होतो.

तुम्ही म्हणाल, हँडब्रेक आहे ना. विलीज घराण्यातल्या अनेक जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे तोही डिफरन्शियलच्या अलीकडेच धरतो. गिअर जसा फसवतो तसाच हा फसवतो. ज्या गाड्यांत हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर आहे तिथेही ज्या बाजूचा ड्रम आपण काढणार त्या बाजूला ब्रेक उरत नाही. तेव्हा गाडीला धरणारी वस्तू एकच, ती म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लावलेला लाकडाचा अडसर. दगड नव्हे. गोटा सरकतो. बाभळीचा तिरपा कापलेला ठोकळा लावा, दोन्ही पुढच्या चाकांना लावा, आणि गाडीला खांदा लावून ती हलत नाही ना हे पाहूनच पुढचे काम करा.

दुसरी फसवणूक आपली काळी जमीन करते. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक वाटते, पण खाली भेगा असतात. पावसाळ्यात तर विचारू नका. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले भाऊ इथे बसले आहेत, त्यांना चिकणमाती आम्ही काय सांगावी. या जमिनीवर जॅक लावला की तो म्हशीसारखा हळूहळू बसतो. जॅकखाली हातभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची फळी हवीच. गाडी उचलली की नळीखाली लोखंडी घोडा किंवा आडवे-उभे रचलेले लाकडी ओंडके द्यावेत आणि गाडी त्यांच्यावर टेकवावी. घोड्यालाही खाली फळी. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. तेलाचा जॅक तर वायसर गेला की सूचना न देता खाली येतो. विटा लावू नका. वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम चुरा होते. काढलेले चाक गाडीखाली आडवे सारून ठेवा, सगळे फसले तरी तेवढी जागा उरेल.

आता प्रत्यक्ष काम. फुल फ्लोटिंगचे अगदी सोपे आहे. गाडी सपाट जागी, अडसर लावलेले, जॅकची गरज नाही, भरलेला कापूसही उतरवायची गरज नाही. चकतीखाली पाटी ठेवा, कारण गिअर ऑइल बाहेर येणार. ती बाजू थोडी उंचावर असेल तर कमी येईल. सगळे बोल्ट सोडा. ट्रकच्या चकतीत नटाखाली निमुळत्या, चिरलेल्या वायसरी असतात, त्या गच्च बसलेल्या असतात. चकतीवर हातोडीचे बेताचे ठोके दिले की सुटतात. पुष्कळ चकत्यांना दोन रिकामी आटेदार भोके असतात. त्यांत दोन बोल्ट समोरासमोर सारखे आवळत गेले की चकती आपोआप पुढे येते. मग शाफ्ट सरळ ओढायचा. गाडी ओढूनच न्यायची असेल तर शाफ्ट काढून टाका आणि तोंडावर जाड प्लॅस्टिक गच्च बांधा, म्हणजे धूळ आत जाणार नाही. चाके आपापल्या बेअरिंगांवर मोकळी फिरतात. एक सूचना. ऑइलचे हात कापसाला लावू नका, आणि गाडीत कापूस असेल तर जवळ बिडी नको, वेल्डिंग तर नकोच.

सेमी फ्लोटिंगला मात्र सगळा सोहळा करावा लागतो. गाडी रिकामी करा. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. उचला, टेकवा, चाक काढा, ड्रम काढा. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. शाफ्टच्या डोक्याला बहुधा एक भोक असते. त्यातून गोटी पाना घालून, शाफ्ट फिरवत फिरवत, मागची बेअरिंगची पट्टी धरणारे नट एकेक सोडायचे. आता बेअरिंगसकट शाफ्ट बाहेर यायला हवा, पण तो हाताने येत नाही. सरकत्या वजनाचा ओढणारा पुलर असेल तर उत्तम. नसेल तर ड्रम उलटा फिरवून शाफ्टच्या डोक्यावर बसवावा, नट चार आटे लावून ढिले ठेवावेत आणि ड्रम दोन्ही हातांनी झटका देऊन आपल्याकडे ओढावा. त्या ढिलाईत ड्रम हातोड्याचे काम करतो. ब्रेकची प्लेट पाइपावर लोंबकळू देऊ नका, तिला तारेने किंवा एका नटाने जागीच धरा. बेअरिंगजवळ पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या शिमा आहेत. डाव्याच्या डाव्या, उजव्याच्या उजव्या, मोजून दोऱ्यात ओवून ठेवा. त्यांच्यावर शाफ्टची मागे-पुढे चाल ठरते.

टोपणाखाली एकच मोठा नट असलेली तिसरी जात जुन्या जीपगाड्यांत भेटते. तिथे हब निमुळत्या शाफ्टवर चावीने गच्च बसलेला असतो. पुलरशिवाय तो सुटत नाही, आणि आमचे भाऊ शाफ्टच्या टोकावर घन घालतात. तो घाव आतल्या बेअरिंगला जातो, आटे चेपतात, आणि शंभराचे काम हजारावर जाते. पुलर लावताना तो मोठा नट पूर्ण काढू नका, शेवटच्या काही आट्यांवर राहू द्या. ताणलेला हब सुटतो तो बंदुकीसारखा सुटतो, नट नसेल तर छातीवर येतो.

शाफ्ट मोडका असेल तर बाहेर येतो तो अर्धाच. आतला तुकडा डिफरन्शियलच्या गिअरमध्ये अडकून राहतो. लांब तारेचा फास किंवा काठीला बांधलेले लोहचुंबक घालून तो काढता येतो. नाही आला तर डिफरन्शियल उघडावा लागेल. तुकडा आला तरी काम संपत नाही. फुटलेल्या माठाची खापरे जुळवावीत तसे दोन्ही तुकडे जुळवून पाहा. कपचा कमी पडला तर तो आत आहे, आणि आत राहिलेला पोलादी कपचा क्राऊन-पिनियन खाऊन टाकतो. तो सापडेपर्यंत गाडी चालू करायची नाही.

मोडलेले तोंड फेकण्याआधी वाचायचे असते. मर आलेली पऱ्हाटी आपण उभी चिरतो, आतली तपकिरी रेघ पाहून रोग ओळखतो. तसेच हे. सगळे तोंड ताजे, राखाडी आणि पिळलेले दिसले तर शाफ्ट एका झटक्यात गेला. तोंडाचा एक भाग घासून काळा-गुळगुळीत, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे, आणि उरलेलाच भाग ताजा, तर चीर कित्येक महिने वाढत होती; जास्तीचा भार किंवा बिघडलेले बेअरिंग शोधा, नाहीतर नवा शाफ्टही त्याच वाटेने जाईल.

झटका येतो कसा ते आपल्याला ठाऊकच आहे. पांदणीच्या चिखलात एक चाक रुतते. ड्रायव्हर रेस देतो, चाक गरगर फिरते, फिरता फिरता खाली दगड किंवा कोरडी जागा लागते आणि चाक एकदम थांबते. इंजिन मात्र थांबत नाही. हिशेब करा. समजा इंजिनाचा पीळ १५ किलोग्रॅम-मीटर, पहिल्या गिअरात तो ४ पट झाला, डिफरन्शियलमध्ये ५ पट. झाला ३००, एकेका शाफ्टच्या वाट्याला १५०. हा झाला शांतपणे क्लच सोडल्यावरचा. झटक्यात तो याहून कितीतरी वाढतो. तेव्हा रेस देण्याआधी खाली उतरा, चाकापुढची माती फावड्याने ओढा, वाळल्या पऱ्हाट्यांच्या जुड्या चाकाखाली घाला, आणि क्लच हळू सोडा. पऱ्हाट्या जाळण्यापेक्षा हा उपयोग बरा.

नवा शाफ्ट आणताना जुना सोबत न्या. दातांची संख्या आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजेत. पुष्कळ गाड्यांत डिफरन्शियल मधोमध नसतो, त्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट लांबीला वेगळे. मोडका शाफ्ट वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटेल. नको. हे पोलाद विशिष्ट आच देऊन कडक केलेले असते, वेल्डिंगने ती आच मरते आणि शाफ्ट जोडाशेजारीच पुन्हा तुटतो. सेमी फ्लोटिंगमध्ये तो चालत्या गाडीत तुटला तर चाक निघून जाते. शाफ्टवरचे बेअरिंग आणि त्यामागची दाबकडी हेही घरचे काम नाही. ते प्रेसवर काढून-बसवून आणावे. उरलेले घरचे.

बसवताना ऑइल सील नवाच घाला, त्याची ओठाची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला ऑइल लावा आणि शाफ्टचे वजन सीलवर टेकू न देता, हाताने उचलून धरत आत सरकवा. बोल्ट गोलाने आवळू नका, समोरासमोर आवळा. आणि नळीवर बोंडाएवढे एक टोपण असते, ॲक्सलची श्वास घ्यायची जागा, तिला ब्रीदर म्हणतात. आपल्या चिखलात ती हमखास बुजते. गाडी तापली की आतली हवा फुगते, वाट मिळत नाही म्हणून ऑइल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. मग आपण म्हणतो सील खोटा निघाला. दुसरा सील घालतो, तोही जातो. काडीने ब्रीदर मोकळा केला असता तर काम झाले असते. ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत गिअर ऑइल भरा, पाच-दहा किलोमीटर चालवून हबला हात लावून पाहा, आणि चाकाचे नट पुन्हा आवळा.

एकेकट्याने पुलर घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. दोन लोखंडी घोडे, एक पुलर, गोटी पान्यांचा एक संच, दोन जाड फळ्या आणि चार ठोकळे, एवढे गावात मिळून एका घरी असावे. कुणाच्या घरी ते गावाने ठरवावे. बाहेर चार-पाच गाड्या उभ्या दिसतात. चहा झाला की त्यांच्याभोवती एक चक्कर मारू आणि कोणाचा शाफ्ट कोणत्या जातीचा ते चाकाकडे पाहून ज्याचे त्याने सांगावे.